आईच्या कवळीचं माप

मी दात बनवते. खोटे. हे सांगितलं की लोक आधी तोंड मिटतात, मग तोंडावर हात धरतात आणि मग विचारतात, "म्हणजे डॉक्टर?" डॉक्टर नाही. डॉक्टर पुढच्या खोलीत बसतात. त्यांच्याकडे एसी आहे, जुनी मासिकं आहेत, मासे असलेली काचेची पेटी आहे. मी मागच्या खोलीत. माझ्याकडे प्लास्टर, मेण, एक छोटी गॅसची शेगडी आणि फळीवर ओळीने मांडलेले चाळीसेक जबडे. दिवसभर माझ्याकडे बघून हसणारी इतकी मंडळी मला एरवी मिळाली नसती.

हे काम मला जमतं, कारण दुसऱ्याच्या तोंडाकडे बारकाईने बघायची मला लहानपणापासून सवय आहे. बारकाईने म्हणजे जीव मुठीत धरून. आईच्या ओठाचा कोपरा किती खाली गेला की किती वेळात काय होणार, हे मी शाळेत जायच्या आधीपासून सांगू शकत होते. पाढे मात्र बारापर्यंतच आले.

आई कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. संध्याकाळी ती घरी यायच्या वेळेला दादा खिडकीत उभा राहून बातम्या द्यायचा.

"पर्स उजव्या खांद्यावर." म्हणजे ठीक.

"पर्स हातात." म्हणजे गृहपाठाच्या वह्या काढा.

"पर्स डाव्या खांद्यावर आणि भरभर चालतेय." यानंतर दादा पुढची बातमी द्यायला थांबायचा नाही, पलंगाखाली जायचा. पलंगाखाली ट्रंका होत्या, जागा एकाचीच. मोठा म्हणून ती त्याची. यावरून मी त्याला अजून टोमणे मारते.

"अगं, तू केवढीशी होतीस," तो म्हणतो. "कपाटामागे मावली असतीस."

हे खरं आहे. मला सुचलं नाही.

बाबाही घरात असायचे. वर्तमानपत्रामागे. फार झालं की पानामागून आवाज यायचा, "हळू जरा." हे मारणाऱ्याला होतं की रडणाऱ्याला, हे ते जाईपर्यंत आम्हाला कळलं नाही.

आईच्या मारण्याला पद्धत होती. आधी डाव्या हाताने हनुवटी धरायची, चेहरा स्वतःकडे वळवायची, "बघ माझ्याकडे" म्हणायची, आणि उजव्या हाताने द्यायची. कधी नुसता हात, कधी लाकडी हँगर, कधी दुकानातून आणलेली कापड मोजायची लोखंडी पट्टी. मी डोळे मिटायचे. डोळे मिटले म्हणून आणखी एक.

नऊ वर्षांची असताना माझ्या हातून पाण्याचा काचेचा जग फुटला. त्यानंतर दोन दिवस माझ्या डाव्या कानात कोणीतरी कुकर लावून विसरल्यासारखा आवाज येत होता. गालावर पट्टीची कड स्पष्ट उमटलेली. शाळेत बाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"जिन्यावरून पडले," मी म्हटलं.

आम्ही तळमजल्यावर राहायचो आणि शाळाही बैठी होती. बाईंनी माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, "जपून उतरावं."

अशा बालपणातून माणसं कणखर वगैरे होऊन बाहेर पडतात असं मी ऐकलंय. मी पडले ती सॉरी म्हणत. खुर्चीला धडकले की खुर्चीला सॉरी म्हणते. एकदा बसमध्ये एका जाड्या गृहस्थाने माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "सॉरी." त्याने विचार केला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "असू द्या."

मला आईकडून काही फार नको होतं. तिने रडावं, पाया पडावं, असलं काही नाही. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा म्हणावं, हो, झालं ते. कारण ती म्हणायची, झालंच नाही. चोवीस वर्षांची असताना मी सगळा धीर गोळा करून तिला विचारलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, तू आम्हाला इतकं का मारायचीस?"

"मी?" तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "कधी? दिली असेल एखादी चापट. नीट धर, चुरगळतेय."

"चापट नाही. पट्टीने. माझा कान—"

"सगळ्याच आया मारतात. तुझ्या डोक्यात कोण भरवतं हे? दादा?"

आणि मी, चोवीस वर्षांची, कमावती, स्वतंत्र वगैरे बाई, चादरीचं टोक नीट धरत म्हटलं, "सॉरी."

त्या दिवसापासून मी एक भाषण तयार करायला घेतलं. बाथरूममध्ये, आरशासमोर, दात घासताना. त्यात सुरुवात होती, मध्ये थांबायच्या जागा होत्या, फुटलेल्या काचेच्या जगाचा प्रसंग होता, आणि शेवटी एक वाक्य होतं ज्यावर आईने निरुत्तर व्हायचं होतं. दहा वर्षांत त्याच्या इतक्या आवृत्त्या झाल्या की आईच्या बाजूची वाक्यंसुद्धा मला पाठ झाली. तिच्या वाक्यांवर टाळ्या जास्त पडल्या असत्या.

मग एक दिवस दादाचा फोन आला. आई त्याच्याकडेच राहते. त्याची बायको सोशिक आहे आणि तो स्वतः दिवसभर कामावर असतो.

"आईचे उरलेले दात काढले," तो म्हणाला. "आता ती रुमाल तोंडावर धरून बसते. खाली फिरायला जात नाही. पेज पिते नुसती."

"मग कवळी करून घे."

"तेच. तुझ्याकडून करायचीय म्हणते."

"गावातले बाकीचे सगळे मेलेत का?"

"मी तेच म्हटलं तिला, जरा बऱ्या शब्दांत. तर म्हणते, घरचं माणूस असताना बाहेर कशाला."

मी म्हटलं, मला वेळ नाही, हातात बरीच कामं आहेत, पुढच्या महिन्यात बघू. फोन ठेवून मागे वळले तर दारात डॉक्टर. डॉक्टर म्हणजे साठीच्या बाई, कमी बोलतात. अलीकडे त्यांचे हात कापतात, म्हणून तोंडातली मापं मीच घेते. त्या शेजारी उभ्या राहतात आणि चूक झाली की घसा साफ करतात.

"आई का?" त्यांनी विचारलं. "मंगळवारी बोलव. अकराला कोणी नाही."

मंगळवारी अकराला आई आली. रुमाल तोंडावर. पर्स कुठल्या खांद्यावर आहे ते मी बघितलं, हे कबूल करते. पर्स दादाच्या हातात होती.

दात गेले की माणसाचं तोंड आत जातं. मला ते रोजचंच. पण आईचं बघितलं आणि मी ट्रेमधली हत्यारं पुन्हा एकदा ओळीने मांडली. ती खुर्चीत बसली तर पाय खाली टेकत नव्हते. तिच्यासारख्या बाईचे पाय टेकायला हवेत असं मला उगाच वाटलं.

पहिल्या दिवशी तोंडाचा साचा घ्यायचा असतो. एका वाटीसारख्या पाळ्यात गुलाबी लगदा भरायचा, तो तोंडात बसवायचा आणि घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं धरून ठेवायचा. या तीन मिनिटांत समोरचा माणूस एक शब्दही बोलू शकत नाही.

माझ्या हे लगदा बसवल्यावर लक्षात आलं. आई समोर आहे. तोंड भरलेलं आहे. उठू शकत नाही, बोलू शकत नाही, चादरीचं टोक हातात देऊ शकत नाही. दहा वर्षांचं भाषण आणि पुरे तीन मिनिटं. दादा बाहेर माशांसमोर बसलेला. डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत. मी श्वास घेतला.

"गुदमरत नाहीये ना?" मी विचारलं.

आईने मान हलवली. नाही.

"नाकाने श्वास घे," मी म्हटलं. बस. उरलेली अडीच मिनिटं मी घड्याळ बघितलं.

पुढच्या आठवड्यात उंचीचं माप होतं. कवळीत हे सगळ्यात नाजूक काम. तोंडात वरखाली मेणाचे कठडे बसवायचे, नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका. मग माणसाला जबडा सैल सोडायला सांगायचा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं. जबडा सैल सुटत नसेल तर हनुवटी बोटांत धरून हलकेच खाली-वर करायची, की सुटतो. पोरखेळासारखं सोपं आहे. मी हजार जणांच्या हनुवट्या धरल्या असतील.

आईची धरवेना.

माझा हात दोनदा वर गेला आणि दोनदा पट्टी घ्यायला गेल्यासारखं दाखवून मागे आला. "आई, सैल सोड," मी म्हटलं. आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. आई खुर्चीचे हात धरून ताठ बसलेली. मी घाईघाईने पट्टी लावली, आकडा लिहिला, "झालं" म्हटलं. डॉक्टरांनी घसा साफ केला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग मी मागच्या खोलीत मेणावर दात लावायला बसले. अशा वेळी आम्ही जुना फोटो मागतो, म्हणजे दात कसे होते ते कळतं. दादाने सगळे अल्बम धुंडाळले. एकाही फोटोत आईचे दात दिसत नव्हते. शेवटी मी फोटोशिवायच लावले, डोळ्यांसमोर होतं ते आठवून. चार दिवस लागले. खोटं कशाला बोलू, इतकं मन लावून मी कोणाचंच काम केलं नव्हतं. एकेक दात लावताना मला तिचा चेहरा इतका स्वच्छ दिसत होता की मधूनमधून मी मान वळवून मागे बघत होते.

तिसऱ्या मंगळवारी मेणातले दात आईच्या तोंडात बसवले आणि ओठ मिटायला सांगितले. तिने मिटले. आणि आई आली. हुबेहूब. ओठांची एक पातळ रेघ, कोपरे खाली, हनुवटी वर आलेली, टोकदार. मला स्वतःच्या कसबाचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी गृहपाठाच्या वह्या काढाव्यात असंही वाटलं.

मी दादाला आत बोलावलं. "बघ, कसं झालंय?"

दादा दारात थांबला. अडतीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप. "अरे वा," तो म्हणाला, "अगदी आई," आणि एक पाऊल मागे सरकला. मी स्वतः केव्हाच ट्रेच्या स्टँडमागे जाऊन उभी होते.

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे बघितलं, मग आईकडे.

"उंची फार कमी आहे," त्या म्हणाल्या. "चेहरा दबलाय. पहिल्या वर्षाची मुलं करतात असली चूक. तुला दिसत नाहीये?"

"पण ती अशीच दिसते," मी म्हटलं.

"कोणीच असं दिसत नाही. हा आवळलेला जबडा आहे. या चेहऱ्याने दिवसभर राहिल्या तर कानाखाली ठणका लागेल."

"आम्ही तर हाच बघितलाय," दादा म्हणाला. मग त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. "मी बाहेर बसतो," तो म्हणाला आणि गेला.

आईने तोंडातले दात स्वतःच काढून ट्रेमध्ये ठेवले. रुमाल तोंडावर.

"पुन्हा घे माप," डॉक्टर मला म्हणाल्या. "हनुवटी धरून. मी माशांना खायला घालून येते."

माशांना सकाळी नऊला घातलं होतं. ते मीच घालते.

मी मेणाचे कठडे पुन्हा बसवले. ठिपके काढले. पट्टी खिशात ठेवली, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि डावा हात पुढे करून आईची हनुवटी धरली.

आईने डोळे मिटले. घट्ट. मान किंचित एका बाजूला, खांदा वर. मी हे आधी कधी बाहेरून बघितलं नव्हतं, पण आतून मला ते पाठ होतं.

आम्ही दोघी तशाच. हनुवटी मऊ होती, आणि तिच्यावर दोन पांढरे केस होते. मी तिच्या जागी असते तर काढून टाकले असते.

"मार एक," आई डोळे न उघडता म्हणाली. मेणामुळे शब्द बोबडे येत होते. "कोण बघतंय."

"बोलू नकोस. माप बिघडतं."

"बिघडू दे." तिने एक डोळा उघडला. "तू विसरली नाहीस ना?"

माझं भाषण कुठे होतं कोणास ठाऊक. "नाही," मी म्हटलं.

"मीपण नाही," आई म्हणाली.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आत काहीतरी कोसळेल, निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. प्रत्यक्षात माझं नाक खाजायला लागलं आणि एक हात मोकळा असूनही खाजवायचं मला सुचलं नाही.

"मग तेव्हा नाही असं का म्हणालीस?" मी विचारलं. "घड्या घालताना. मी वेडी आहे असं वाटायला लागलं होतं मला."

"लाज वाटली."

"आणि मारताना?"

"मारताना नाही वाटायची." तिने दुसराही डोळा उघडला. "हात उचलला की डोकं शांत व्हायचं. पाच मिनिटं. मग तुझं तोंड दिसायचं आणि आणखीच भडकायचं. तू डोळे मिटायचीस ना, त्याचा फार राग यायचा. वाटायचं, एवढी वाईट आहे का मी."

"होतीस," मी म्हटलं. पुढे सॉरी आलं नाही. मी वाट बघितली, पण आलं नाही.

"होते," आई म्हणाली.

तिने कारणं सांगितली नाहीत. दिवसभर उभं राहणं, बाबांचं वर्तमानपत्र, हे सगळं मी तिच्या वतीने भाषणात लिहून ठेवलं होतं. तिने त्यातलं एकही वापरलं नाही. मीही पुढे विचारलं नाही. कान अजून थंडीत दुखतो, तो त्या "होते" मुळे थांबणार नव्हता. पण बोटांमधली हनुवटी मात्र जड झाली. हजार वेळा अनुभवलेली गोष्ट. जबडा सुटला की असाच जड होतो. मी खाली-वर करून बघितला. सुटला होता. पट्टी लावली, आकडा लिहिला. पहिल्यापेक्षा सात मिलिमीटर जास्त. आमच्या धंद्यात सात मिलिमीटर म्हणजे दुसराच माणूस.

डॉक्टर परत आल्या, आकडा बघितला, घसा साफ केला नाही.

नव्या उंचीवर दात लावायला मला दीड दिवस लागला. यावेळी डोळ्यांसमोर कुठलाच चेहरा नव्हता, म्हणून पुस्तकात सांगतात तसे लावले. तयार कवळी आईच्या तोंडात बसवली आणि समोरच्या खुर्चीत कोणीतरी म्हातारी बाई बसली. गोल गाल, ओठ सरळ, बसमध्ये शेजारी बसली तर वेळ विचारावी अशी. मला ती ओळखीची वाटेना. आईलाही नसावी, कारण तिने आरसा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"पुढचे दोन जरा मोठे वाटतात," ती म्हणाली.

"बरोबर आहेत."

"मला मोठे वाटतात."

"आई, मी रोज हेच करते. बरोबर आहेत."

"बरं बाई," आई म्हणाली आणि आरसा ठेवला.

त्या रविवारी दादाने फोन केला. आई सफरचंद खाते, खाली फिरायला जाते, शेजारणीला दात काढून दाखवते. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही आत काय बोललात त्या दिवशी?"

मी सांगितलं. जेवढं झालं तेवढंच, कारण जास्त नव्हतंच.

"माफ केलंस मग?"

"माहीत नाही. त्या मंगळवारी केल्यासारखं वाटलं होतं. काल खुर्ची सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा राग आला."

"मी नाही करणार," दादा म्हणाला. "मी तिला औषध देईन, डॉक्टरकडे नेईन, सगळं करीन. पण ते नाही."

"नको करूस. तुझं तुझ्यापाशी."

"तुला राग नाही ना?"

"पलंगाखालच्या जागेचा आहे," मी म्हटलं, आणि तो इतक्या दिवसांनी हसला.

कवळी नवीन असली की टोचते. माणूस येतो, लाल झालेली जागा बघायची, तिथे मशीनने किंचित घासायचं, परत द्यायची. बहुतेकांचं दोन फेऱ्यांत भागतं. आई पहिल्या फेरीला आली, डावीकडे लाल होतं, घासलं. दुसऱ्या फेरीला आली, जिभेच्या बाजूला होतं, घासलं. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा आली, एकटीच.

"टोचतंय," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे कुठेतरी. तूच बघ."

मी हनुवटी धरली. तिने डोळे उघडे ठेवले, मीही. टॉर्च लावला, हिरड्या बघितल्या, गालाच्या आत बघितलं, टाळू बघितली. एकही लाल ठिपका नाही. गुळगुळीत, गुलाबी, दृष्ट लागण्यासारखं तोंड. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि आपल्या खोलीत गेल्या.

"आहे का काही?" आईने विचारलं.

"आहे थोडंसं," मी म्हटलं. "बस दोन मिनिटं."

कवळी घेऊन मी मागच्या खोलीत आले. मशीन सुरू केलं. कवळी एका हातात लांब धरली आणि फिरणारा दगड दुसऱ्या हाताने नुसत्याच हवेत धरून, पुढे ऐकू जाईल इतका वेळ, चालू ठेवला. मग कवळी पाण्याखाली धुतली, पुसली आणि बाहेर नेऊन दिली.

आईने ती बसवली, दोनदा चावून बघितलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी एकदा दाखवून जाऊ का?"

"अकराला ये," मी म्हटलं. "तेव्हा कोणी नसतं."